हात पसरा

माझा आवाज मला स्वतःला कधीच आवडला नाही. नाकातून येतो, आणि पुण्यात पाच वर्षं काढल्यावर त्याला एक उगाचचं वळणही आलं आहे. तरी तो मी एका यंत्रात भरला आणि यवतमाळच्या म्हाताऱ्या माणसांच्या कानात सोडला. त्यांपैकी एकाच माणसाबद्दल मला लिहायचं आहे. ही गोष्ट तोंडी सांगताना मी दरवेळी थोडी बदलून, स्वतःच्या सोयीची करून सांगत आले. इथं तसं करायचं नाही असं ठरवलं आहे.

यंत्र म्हणजे डोक्याला बांधायचा एक चष्मा. आत छोटे पडदे असतात. तो घातला की आपण खोलीत नसतोच, दुसरीकडेच कुठंतरी असतो, आणि समोर आपलेच हात निळ्या रंगात तरंगताना दिसतात. पुण्याच्या एका छोट्या कंपनीला यातून लकवा झालेल्या, खांदे आखडलेल्या वयस्कर लोकांसाठी हातांचे व्यायाम बनवायचे होते. कंपनीतल्या कुणाला विदर्भात यायचं नव्हतं. मी दिग्रसची, म्हणून मला पाठवलं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या शेजारी टिनाच्या शेडमध्ये माझं ऑफिस, आणि आठवड्यातून दोन दिवस यवतमाळात एका फिजिओथेरपी केंद्रात चाचणी. खुणा कशा असाव्यात, बटणं केवढी असावीत, चष्म्यानं म्हाताऱ्याशी कसं बोलावं, हे सगळं ठरवायचं काम माझं होतं.

मी ते फार मन लावून केलं, हेही कबूल करते. सगळं बसूनच करायचं, उभं राहून तोल जायला नको. खांद्याच्या वर हात न्यायची गरज नको. अक्षरं पाटीवरच्या अक्षरांएवढी. चित्र भराभर हलायला नको, मळमळतं. हातात धरायला काही नको, कारण ज्यांची पकड गेली आहे त्यांना धरायला काय सांगणार? नुसत्या हाताच्या खुणांवर सगळं चालेल. पुण्याचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी मात्र माणसांत बसून काम करते, असं मी फोनवर ऐकवतही असे.

आतलं जग म्हणून मी कापसाचं वावर केलं होतं. फुटलेली बोंडं, वर निळं आभाळ. हात लांब करून बोंड वेचायचं आणि ओटीत टाकायचं. ती बोंडअळीची वर्षं होती. डिसेंबरातच जिनिंग बंद पडत होती आणि लोक उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडत होते. पहिल्याच दिवशी एका आजीनं चष्मा लावला, डावीउजवीकडे मान फिरवून वावर पाहिलं आणि म्हणाली, "असं वावर कुठं हाय वं माय? मले तिकडंच नेऊन सोड." सगळे हसले, मीही हसले. तेव्हाच मला थोडं ऐकू यायला हवं होतं.

आता त्या शब्दाकडे येते. व्यायाम सुरू करायचा तर आधी व्यायामांची यादी उघडावी लागे, आणि यादी उघडायची खूण अशी की ज्या हाताचा व्यायाम त्याचाच तळहात वर वळवून बोटं मोकळी करायची. लकव्यानंतर हेच वळणं सगळ्यात आधी जातं, म्हणून फिजिओथेरपीच्या मॅडमना ही खूण फार आवडली होती. यादी उघडताना अर्धा व्यायाम आपोआप होणार. प्रश्न राहिला सूचनेचा. "तळहात वरच्या बाजूला वळवून बोटं मोकळी करा" हे वाक्य ऐकता ऐकता म्हाताऱ्यांचं लक्ष उडे. मला छोटं हवं होतं. शेडचा पंखा बंद करून, घामाघूम होऊन, मी माइकसमोर म्हटलं, "आपला उजवा हात पसरा." अडीच सेकंदांत बसलं. मी खूश झाले. कुणी ऐकलं नाही तर दहा सेकंदांनी ते पुन्हा वाजेल, अशी सोयही केली.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मराठी माझी मायबोली, आणि हात पसरणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. शिवाय त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार येत. गाड्या भरून येत, ब्लँकेटं वाटत, शिलाई मशीन वाटत, आणि त्यांच्यातला फोटोवाला म्हणे, "काकू, जरा हात पुढं करा ना, अजून थोडा." मी स्वतः हे बघून चिडले होते. तरीही कित्येक महिने तो शब्द माझ्याच आवाजात वाजत राहिला आणि मला खटकला नाही. त्या वावरवाल्या आजीनं तर पहिल्याच सूचनेला हात पुढं करून म्हटलं होतं, "पसरला वं. आता टाक, काय टाकतं थे." मी वहीत लिहिलं: रुग्ण खेळीमेळीनं घेत आहेत.

चाचा आले ते या सगळ्यात. चाचा आमच्या गल्लीतले, म्हणजे दिग्रसच्या. बस स्टँडच्या मागं त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटर खोलून, आतली काळी पडलेली तार काढून, नवी तांब्याची तार वेटोळ्यांनी भरायची. आमच्या विहिरीवरची मोटर त्यांनी इतक्यांदा भरली होती की बाबा म्हणत, "ही मोटर आता कंपनीची कमी आणि चाचांची जास्त." अख्ख्या दिग्रसला माहीत असलेली त्यांची एक सवय होती. भरलेली मोटर पहिल्यांदा चालू करायच्या आधी चाचा दोन्ही हात छातीसमोर धरत, दुआ मागत, तेच हात तोंडावरून फिरवत, आणि मग खटका दाबत. घाईतलं गिऱ्हाईकही तेवढं थांबे.

त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, हात मागं राहिला. मुलगी त्यांना एसटीनं यवतमाळला घेऊन आली. मला बघून चाचांना हसू आलं, पण ते तोंडाच्या एकाच बाजूनं. म्हणाले, "अरे, हे तं आपली पोरगी! मंग तं काम झालंच." मॅडमनी विचारलं, हातानं काय करता यायला हवं आहे? बाकीचे सांगत, जेवता यायला हवं, पातळ नेसता यायला हवं. चाचा म्हणाले, "तार भरता आली पायजे. एका हातानं तार भरत नाही." त्यांना दुसरं काही नको होतं. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर हात घट्ट होत जातो.

मी चाचांच्या डोक्याला चष्मा बांधला. पट्टा घट्ट होतोय का विचारलं. मग माझ्या लॅपटॉपकडे वळले. चष्म्यातलं चित्र तिथं दिसतं आणि मी त्याच्याकडेच बघत बसायचे. वावर उघडायला पंधराएक सेकंद लागत. ते पुरतं उघडायच्या आतच मध्येच यादी टपकली. कुणी सूचना दिली नव्हती, काही नाही. मी कीबोर्डवरून ती बंद केली. मग माझा आवाज सुरू झाला, खोलीभर ऐकू जाईल असा. "आपला उजवा हात पसरा." चाचा हलले नाहीत. दहा सेकंदांनी पुन्हा तेच. मी मान वळवून पाहिलं तर त्यांनी उजवा हात मांडीवर दाबून धरला होता, मूठ मिटलेली. शेजारच्या खुर्च्यांवर दोन पेशंट बसले होते, मुलगी केसपेपर घेऊन दारात उभी होती. आवाज सहा-सात वेळा वाजला असेल. शेवटी मीच चष्मा काढला आणि मोठ्यानं, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "चाचा, पुढच्या वेळी जमेल हं." ते मुलीच्या आधारानं उठले.

संध्याकाळी लोहाऱ्याला येऊन मी वहीत दोन गोष्टी लिहिल्या. एक, रुग्णाला सूचना कळत नाही. दोन, सूचना नसताना यादी उघडते, बिघाड. दुसरी गोष्ट मी त्याच दिवशी दुरुस्त केली. पहिल्या पंधरा सेकंदांत हात काहीही करोत, यंत्रानं लक्ष द्यायचं नाही, अशी चार ओळींची सोय केली. स्वतःवर खूश होऊन वर डाळमिलच्या टपरीवर चहा प्यायले.

पुढच्या आठवड्यात चाचा पुन्हा आले. या वेळी यादी मध्येच टपकली नाही. माझा आवाज वाजत राहिला, चाचांची मूठ मिटलेली राहिली. चष्मे दोनच होते आणि नावं खूप, म्हणून नियम असा होता की दोन वेळा ज्यांना यादी उघडता आली नाही त्यांना थांबवायचं. मॅडमनी मलाच विचारलं, "तुम्ही समोर होतात. जमतं की नाही?" फॉर्मवर दोनच चौकोन होते, 'जमतं' आणि 'जमत नाही'. मी दुसऱ्यात खूण केली. खाली लिहिलं: उजवा तळहात वर वळत नाही. मॅडमनी घरी करायच्या व्यायामांचा चित्रं असलेला कागद दिला आणि महिन्यानं यायला सांगितलं. चाचा आलेच नाहीत. मी चौकशी केली नाही. एकदा दिग्रसच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुकानाचं शटर बंद दिसलं, तर मनात म्हटलं, बिचारे.

पाच महिन्यांनी पुण्याला अहवाल द्यायचा होता. त्यात बिघाडांचंही प्रकरण होतं, म्हणून मी जुनी नोंद काढली. चष्मा हातांची हालचाल साठवून ठेवतो. माणूस दिसत नाही, खोली दिसत नाही, काळ्या पडद्यावर नुसते दोन निळे हात. सूचना नसताना यादी कशी उघडली ते बघायला मी चाचांची पहिली नोंद लावली.

आधी डावा हात वर आला. तळहात वर, बोटं मोकळी. मग खालून उजवा निघाला, मांडीपासून वीतभर वर आला आणि थांबला. थरथरत होता. मग मनगट वळायला लागलं, थोडं थोडं, अडखळत, आणि तळहात वर आला. पूर्ण. दोन्ही हात शेजारी-शेजारी तसेच राहिले. मग दोन्ही तोंडाकडे गेले आणि मध्येच अडले, कारण तोंडावर माझा चष्मा होता.

मी ते तीनदा पाहिलं. पहिल्या वेळी बिघाड म्हणून, दुसऱ्या वेळी काहीच न कळून. तिसऱ्या वेळी मला दिग्रसचं दुकान दिसलं, आणि खटक्याकडे जाणारा हात दिसला. मशीन चालू व्हायच्या आधी चाचांनी नेहमी करतात तेच केलं होतं. मग मी दुसऱ्या वेळची नोंद लावली. तिच्यातही तेच, फक्त उजवा हात या वेळी जरा लवकर वळला होता. सुधारला होता. आणि मी माझ्या चार ओळींनी यंत्राला सांगून ठेवलं होतं की याच्याकडे बघू नकोस.

डाळमिलचा आवाज चालू होता. मला इतकी लाज वाटली की मी उठून शेडचं दार आतून लावलं, जसं काही कुणी बघणारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दिग्रसला गेले. चाचा घराच्या ओसरीत खाटेवर बसले होते. मुलीनं पाणी आणलं. चाचांनी डाव्या हातानं मला बसायची खूण केली. उजवा मांडीवर होता, मनगट आत वळलेलं, बोटं तळव्यात रुतलेली. मी वाटेत बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. नुसतं म्हणाले, "चाचा, तुमचा हात तेव्हा वळत होता. मी पाहिलं नाही."

"मले मालूम हाय ना," चाचा म्हणाले. "हात माहाच हाय."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? तू त्या डब्ब्यातून म्हणून राह्यली, हात पसरा. एक डाव म्हणलं, दोन डाव म्हणलं, चूपच नाही बसून राह्यली. बाजूले चार लोकं बसून, पोरगी दारात उभी. मले वाटलं, हे आपल्या गल्लीतली. हिच्या बापाले मालूम हाय, म्या आजलग कोनासमोर हात पसरला नाही. आन हे मले भरल्या सभेत सांगून राह्यली पसरा म्हनून." बोलताना त्यांना अजून दम लागत होता. "हात तं म्या रोज पाच डाव पसरतो, बेटा. पन कोनासमोर, थे पाह्य ना."

मुलगी म्हणाली, "अब्बा त्यानंतर तिथं जायलेच तयार नव्हते. कागद दिलता व्यायामाचा, थो बी नाही केला."

"थो कागद तिथलाच हाय," चाचा म्हणाले.

शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. मी शहाणी होते की नाही हे त्या खाटेसमोर कळत होतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला, कारण आता चाचांनाच माझी समजूत घालावी लागणार होती. त्यांनी घातलीच. म्हणाले, "जाऊ दे. तार उलटी भरली का मोटर उलटी फिरते. खोलायची आन पुन्हा भरायची."

"मग काय म्हणू, चाचा? तळहात वर करायला कसं सांगू?"

ते विचारात पडले. गिऱ्हाईकाची मोटर बघताना पडत तसेच, मान थोडी तिरकी करून. "दुआचं म्हन, तं सगळ्यायले नाही समजनार. परसाद म्हन, तं आमच्यावाले बसून राह्यतीन." मग म्हणाले, "पानी म्हन. हातावर पानी घ्या. हिंदू असो, मुसलमान असो, पानी तं सगळेच घेते."

मी फोन काढून त्यांच्या समोर धरला आणि त्यांनाच म्हणायला लावलं. लकव्यानं जीभ जड झाली होती, शब्द ओढल्यासारखे येत होते, मागं कुणाची तरी फटफटी सुरू झाली. मी तेच ठेवलं. पुण्याहून फोन आला की हा आवाज स्पष्ट नाही, मराठी शुद्ध नाही. मी म्हटलं, माझी शुद्ध होती. एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला, कारण पुढं बोलले असते तर नोकरी राहिली नसती.

"हातावर पानी घ्या" असं चष्म्यातून ऐकू आलं आणि म्हाताऱ्यांचे तळहात वर यायला लागले. न सांगता, न समजावता. वावरवाली आजी हात पुढं करून म्हणाली, "घेतो ना, पन पानी कुठं हाय वं?" मी वहीत लिहिताना या वेळी तिच्याकडे बघत होते.

चाचांना आणायला मी स्वतः गेले. ते आले, हे त्यांचं मोठेपण. मॅडमनी हात तपासला, मनगट हळूच वळवून पाहिलं, ते वळेना. मला म्हणाल्या, व्यायाम केला असता तर नक्की सुटलाच असता असं कुणी सांगू शकत नाही, काहींचा तरीही आवळतो. त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. पण मी ते निळे हात पाहिले होते, त्यांनी पाहिले नव्हते.

मी चष्मा बांधला आणि लॅपटॉपकडे पाठ करून चाचांसमोर स्टूल घेऊन बसले. त्या चार ओळी मी केव्हाच काढून टाकल्या होत्या. वावर उघडत असताना चाचांनी डावा हात वर घेतला. उजवा निघाला, मांडीवरून दोन बोटं उचलला गेला, थरथरला आणि परत खाली बसला. मग त्यांचाच आवाज आला, "हातावर पानी घ्या." तो ऐकून चाचा एका बाजूनं हसले. उजव्या हाताला त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं. मनगट हलत होतं, वळत नव्हतं. शेवटी त्यांनी डावा हात त्याच्या खाली घातला, मूठ एकेक बोट करून उघडली, हात उलथा केला आणि तसाच खालून धरून ठेवला.

यंत्राला खालचा हात कळत नाही. त्याला वर वळलेला तळहात दिसला आणि यादी उघडली. मग माझा आवाज आला. तो बदलायचा मी विसरले होते. "शाबास! छान जमलं."

"काय म्हनते हे?" चाचांनी विचारलं, जणू नीट ऐकू आलं नाही.

फॉर्म माझ्या मांडीवर होता, तेच दोन चौकोन. मॅडम पेन घेऊन थांबल्या होत्या. मी पेन घेतलं, दोन्ही चौकोन तसेच कोरे ठेवले आणि मधल्या जागेत लिहिलं: जमत होतं.